देव म्हणते, उरका!

तेलंगणातल्या बोथच्या चर्चमध्ये दुभाषी व्हायला अनुपने होकार दिला, तो चहाचा कप खाली ठेवता ठेवता. मराठी लोकांना तेलुगू प्रवचन समजावून सांगणारे म्हातारे गुरुजी मुलाकडे निर्मल गावी राहायला गेले होते. पास्टरांनी "अनुपगारू, आप करेंगे?" एवढंच विचारलं ('गारू' म्हणजे आपलं 'राव') आणि अनुप "हां" म्हणून मोकळा झाला. यात सेवाभाव फारसा नव्हता. दर रविवारी दोन तास नुसतं बसून राहायचं, ही शिक्षा यामुळे टळत होती.

कारण अनुपला बसणं म्हणून जमत नसे. तो एका सरकारी कचेरीत क्लार्क होता. खुर्ची हेच ज्याच्या नोकरीचं मुख्य अंग, त्यानं असं असावं हे नवलच. सकाळी तो दात घासता घासता बुटाची लेस बांधायचा. ज्वारीची भाकर मोटारसायकलच्या सीटवर ठेवून उभ्याउभ्याच खायचा, आणि गाडी गरम होईपर्यंत प्रार्थना आटपायचा. (थंडीत गाडी उशिरा गरम होते. त्यामुळे त्याची भक्ती डिसेंबरात थोडी वाढलेली दिसे.)

त्याची बायको चंदा अंगणवाडीत शिकवायची. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये वाढल्यामुळे ती नवऱ्याला मराठीत आणि तेलुगूत सारख्याच सफाईने ऐकवू शकत असे. पण ऐकायला नवरा जागेवर असायला हवा, आणि तिथेच सगळं अडत होतं. शेवटी डिसेंबर लागताच तिने त्याला गाडीला किक मारताना गाठलं.

"अवो, एकोणीस वर्षं झाली लग्नाले. माझ्यासमोर बसून एकदा तरी पुरं जेवले काय तुमी?"

"बसतो नं. येत्या रविवारी."

"तुमचा येता रविवार म्या अजून पाह्यला नाही. नाताळाच्या आत एक दिवस माझ्यासंग निवांत बसून जेवा. नाही तं मी चालली बेल्लमपल्लीले."

आणि तिने खरोखरच निळी बॅग भरून दाराआड उभी केली. लग्नानंतर चंदाशिवाय नाताळ अनुपने एकदाही काढला नव्हता आणि काढायचाही नव्हता. रविवारी बसायचंच, असं त्याने गाडीचा गिअर बदलता बदलता ठरवलं.

त्या रविवारी तो पहिल्यांदा पास्टरांच्या शेजारी उभा राहिला. डावीकडे तेलुगू मंडळी, उजवीकडे मराठी. अनुपचं तेलुगू कचेरीतलं. 'लेदु' म्हणजे नाही, 'संतकम' म्हणजे सही, आणि 'रेपु रंडि' म्हणजे उद्या या. एवढ्या भांडवलावर त्याची सतरा वर्षं नोकरी झाली होती. पण पास्टर होते राजमंड्रीकडचे, आणि वचन जुन्या, ग्रांथिक तेलुगूतलं. दोन्ही हातांचे तळवे हळूच खाली दाबत ते म्हणाले,

"ऊरकुंडुडि!"

हा शब्द अनुपने कचेरीत कधी ऐकला नव्हता. (असल्या गोष्टीचं कचेरीत काम पडत नाही.) पास्टरांना थांबवून अर्थ विचारता आला असता, पण विचारायला वेळ लागतो. शिवाय शब्द तर ओळखीचा वाटत होता.

"देव म्हणते, उरका!" अनुप गरजला.

मराठी बाजू ताठ झाली. इतकी वर्षं पेंगणारे चेहरे आपल्याकडे टक लावून बघताहेत हे पाहून पास्टरांना गहिवरून आलं. त्यांनी तळवे पुन्हा खाली दाबले आणि अधिकच मायेने म्हणाले, "ऊरकुंडुडि!"

"दाबून कामाले लागा! जे जे राह्यलं असन, ते उरकून टाका!"

बाकावर बसलेली चंदा हात हलवून नवऱ्याला काहीतरी खुणावत होती. अनुपने मान डोलावली. म्हटलं, बायको खूश दिसते.

देवाची आज्ञा मराठी मंडळींनी इतकी मनावर याआधी कधी घेतली नव्हती. जयवंताबाई प्रार्थना संपायच्या आतच उठल्या आणि थेट जावेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. दोघींचं चौदा वर्षं अर्धवट राहिलेलं भांडण त्यांनी त्या एका दुपारी शेवटापर्यंत भांडून घेतलं. भारतची सोयरीक दोन वर्षं रखडली होती, तिची तारीख निघाली. उद्धवरावांनी सात वर्षं वरवंट्याएवढीच उंच राहिलेली कंपाऊंडची भिंत बांधायला काढली.

आता भिंत म्हटली की जागेचा कागद लागतो. लग्नाला दाखला लागतो. सोमवारी साडेदहाला अनुप कचेरीत पोचला, तर त्याच्या टेबलासमोर अख्खी मराठी मंडळी उभी.

"अनुप, माझा अर्ज सात वर्षांपासून तुयाच टेबलावर हाय," उद्धवराव म्हणाले.

अनुपच्या ओठांवर सवयीने 'रेपु रंडि' आलंच होतं.

"देव म्हणते उरका," उद्धवराव म्हणाले. "तूच तं सांगतलं."

अनुपने सही केली. पुढच्याचा कागद घेतला, शिक्का मारला. चंदाने त्या आठवड्यात तीनदा सांगायचा प्रयत्न केला, "अवो, त्या शब्दाचं ऐका जरा," आणि तिन्ही वेळा अनुप म्हणाला, "लवकर उरक, मले जायचं हाय." गुरुवारी तर रांग जिन्यापर्यंत गेली. अनुप मान खाली घालून नुसता शिक्के मारत होता. हिरव्या बांगड्यांचा एक हात पुढे आला.

"सही कुठं?" अनुपने विचारलं.

"इथं. अन् खाली शिक्का."

आवाज ओळखीचा वाटला. पण ओळख आठवायला वेळ नव्हता. अनुपने सही ठोकली आणि पुढचा कागद ओढला. साहेबही त्या आठवड्यात वैतागून समोर येईल ते मंजूर करत होते.

दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये उजवीकडचे बाक रिकामे. तिथे एकटी चंदा बसलेली, आणि अनुप एकट्या तिच्यासाठी भाषांतर करायला उभा. (ती पदर तोंडाला लावून ऐकत होती.) प्रवचन संपताच पास्टर घाबऱ्या घाबऱ्या त्याच्याजवळ आले.

"अनुपगारू, मराठीवाले लोग किधर है?"

"सब काम में है, सर. एक भी आदमी बैठा नहीं है," अनुप अभिमानाने म्हणाला. "आपनेच बोले थे न. उरका."

"मैं? मैं क्या बोला?"

"उरकुंडुडी. मतलब, उरका. काम जल्दी खतम करो."

पास्टर त्याच्याकडे बघतच राहिले. मग ते चंदाकडे वळले. चंदाला इतका वेळ धरून ठेवलेलं हसू आवरेना. ती बाकाला धरून हसली, डोळे पुसले आणि पुन्हा हसली.

"अवो, ऊरकुंडुडि म्हंजे शांत राहा! धावपळ सोडा, स्वस्थ बसा, देव पाह्यते सारं!"

अनुपचे कान गरम झाले. "मंग तू सांगतलं काऊन नाही?"

"तीनदा सांगाले आली. तुमी थांबले कुठं?"

घरी येऊन तो जेवायला बसला खरा, पण फाटकाशी उद्धवराव भिंतीचा दुसरा कागद घेऊन उभे होते. दोन घासांत अनुप उठला. निळी बॅग दाराआड होती तिथेच होती, आणि आता हातात एकच रविवार उरला होता.

त्या शेवटच्या रविवारी पास्टरांनी चंदाला शेजारी उभं केलं. झाडून सगळी मराठी मंडळी आली होती. पास्टरांनी तळवे खाली दाबले. चंदाने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती नेमकी एका माणसावर थांबवली.

"देव म्हणते, चूप बसा."

सगळ्या बाकांनी वळून अनुपकडे पाहिलं. तो चूप बसला. पुरे दोन तास बसला. चर्च सुटल्यावर बायकांनी चंदाला गराडा घातला, कारण त्यांना गेल्या पंधरवड्यात काय काय उगाच उरकलं ते एकदा नीट समजून घ्यायचं होतं. चंदाने त्याला हातानेच 'तुमी व्हा पुढं' म्हणून सांगितलं.

घरी झाकलेली ताटं होती. अंबाडीची भाजी, झुणका, भाकरी. अनुप पाटावर बसला. एक वाजला. भूक लागली, पण त्याने झाकण उघडलं नाही. दोन वाजले. घरात घड्याळ टिकटिकतं, हे त्याला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. दाराआडची बॅग समोरच दिसत होती. चंदा एकोणीस वर्षं अशीच झाकल्या ताटासमोर बसत आली, हे त्याच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. अडीच वाजले. आपण बसून आहोत आणि काही बिघडलेलं नाही, याचंही त्याला आश्चर्य वाटलं.

तीनला चंदा धापा टाकत आली.

"आता गं बाई! जेवले नाही अजून?"

"तुयासाठी थांबलो."

ती उंबऱ्यातच उभी राहिली. "दीड वाजेपासून?"

"एकपासून."

चंदाने पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले, ताटं उघडली आणि घड्याळाकडे बघून ती दचकली.

"चारची बस हाय! चला, जेवा लवकर."

अनुपचा हातातला घास हातातच राहिला. "म्हंजे तू चाललीच?"

"मी नाही, आपण. बॅगेत तुमचे बी कपडे हायत. तीन आठोडे दाराआड उभी हाय, उघडून तरी पाहाची."

"अन् माझी रजा?"

"मंजूर हाय. त्या गुरुवारी मी अर्ज घेऊन आली होती नं लाईनीत. तुमीच सही केली, तुमीच शिक्का मारला."

ताटाच्या कडेशी हिरव्या बांगड्या वाजल्या. अनुपने हळूहळू मान वर केली आणि त्या बांगड्यांपासून बायकोच्या तोंडापर्यंत पाहिलं. मग तो पाहतच राहिला, निवांत, जसं देवाने सांगितलं होतं तसं.

"आता काय पाहून राह्यले?" चंदा म्हणाली. "उरका!"