मंदाकाकूंच्या दगडावरचा शब्द

लंडनमधल्या आमच्या स्टॅनमोरच्या सर्जरीत, म्हणजे डॉक्टरांच्या दवाखान्यात, बेंजामिनकाकांनी रिसेप्शनिस्टला तोंडावर 'नर्ड', म्हणजे पुस्तकी किडा, म्हटलं, तेव्हा मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाईनं सुगंधी हँडक्रीम लावलं होतं, एवढंच तिचं चुकलं. "अगं, कौतुक केलं मी," काका बसमध्ये म्हणाले. "हिब्रूत नेर्द म्हणजे जटामांसी, सुवासिक मुळी."

काका आमचे शेजारी. मूळचे अलिबागकडचे बेने इस्रायली, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. रिटायर झाल्यापासून एकच वेड, शब्दांची कुळी काढायची. "हा आला कुठनं, विचारलंस कधी?" मी चहा पुढे केला की स्वारी चीनला निघायची आणि चहा पार निवायचा. पण सगळ्यात जीव नेर्दवर. आपला संस्कृत नलद इराणात गेला, तिथून हिब्रूत जाऊन नेर्द झाला, हे आता मी झोपेतही सांगेन.

काकांच्या बायकोला, मंदाकाकूंना, जाऊन वर्ष होत आलं, थडग्यावर दगड बसवायची वेळ झाली, तेव्हा त्यांचा मुलगा डॅनी धापा टाकत आला. जन्म इथलाच, मराठीही इथलीच. "आंटी, माझा मम्मीचा स्टोनवर पप्पा 'नर्ड' लिहितोय. इंग्लिश कॅपिटल्समध्ये. तुम्ही समजाव ना."

मी हादरलेच. एवढा संसार केलेल्या बाईच्या थडग्यावर 'पुस्तकी किडा'? तशीच तरातरा काकांकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. वयाचाही मान ठेवला नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"मंदा कराडची, हिंदू," ते म्हणाले. "माझ्या आईनं शेवटपर्यंत तिच्या हातचं खाल्लं नाही. बाहेरची म्हणायची. मी शेजारी बसून गप्प जेवायचो. नेर्द हा शब्दही मंदाच्याच बाजूचा, संस्कृतातला ना? तो आमच्या धर्मग्रंथात आहे. आईला चालत होता."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत होते.

"काकूंना सांगितलंत हे?"

"नाही. धीर झाला नाही. आधी आईपुढे झाला नाही, मग हिच्यापुढे."

मी म्हटलं, "काका, शब्द राहू दे. हिब्रू अक्षरांत कोरू, म्हणजे कुणी हसणार नाही."

"नको," काका म्हणाले. "देवनागरीत कोरायला सांग. मंदाला हिब्रू वाचता येत नव्हतं."