उसनी साक्ष

आपल्या हातून आयुष्यात एकही धड पाप घडलेलं नाही, हे घड्याळजीच्या लक्षात आलं ते नेमकं रविवारी सकाळी, भरल्या चर्चमध्ये माइकसमोर उभं राहिल्यावर. त्याला दरदरून घाम फुटला.

त्यांच्या मंडळीत एक रीत होती. गायन झालं की दर रविवारी एका घरातल्या एकाने पुढे यायचं आणि प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं त्याची साक्ष द्यायची. घरं पाळीपाळीने येत. घड्याळजी आपली पाळी दरवर्षी शिताफीने चुकवत आला होता. कधी त्याचा घसा बसायचा, कधी नेमकं त्याच दिवशी कुणाचं तरी भिंतीवरचं घड्याळ अडून बसायचं. यंदा मात्र पाळकसाहेब स्वतः दुकानात येऊन बसले आणि त्याच्याकडून 'हो' वदवून घेतल्याशिवाय उठले नाहीत.

बरं, साक्ष म्हणजे मंडळीला काहीतरी घसघशीत लागायचं. मागच्याच रविवारी एका गवंड्याने आपली दारू कशी सुटली ते सांगून सगळ्यांना रडवलं होतं. घड्याळजी बिचारा भाविक घरात जन्मला, वेळेवर शिकला, वेळेवर लग्न केलं आणि तेव्हापासून डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने तसं प्रामाणिकपणे सांगितलं. सांगून लगेच झालंसुद्धा. कुणीतरी मोठी जांभई दिली. पाळकसाहेबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पहिल्या बाकावर त्याची आई बसली होती. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून कुणीही बोलायचं थांबलं की ती मोठ्याने 'आमेन' म्हणायची. तिने 'आमेन' म्हटलं.

"पण मी," घड्याळजी घाईघाईने म्हणाला, "पण मी फार रागीट माणूस होतो."

जांभई अर्ध्यावर थांबली. लोक सरसावून बसले. इतकी माणसं आपल्याकडे टक लावून पाहताहेत हा अनुभव घड्याळजीला नवा होता, आणि खोटं कशाला बोला, त्याला तो आवडला. मग त्याने सांगितलं की एका दुपारी रागाच्या भरात भिंतीवरचं घड्याळ काढून जमिनीवर आपटलं. ज्यांच्या हाताखाली तो काम शिकला त्या उस्तादांनी दिलेलं घड्याळ. घड्याळजीच्या घरात घड्याळ आपटलं गेलं हे ऐकून चर्चमध्ये हळहळ उमटली. मग चक्रं आणि काटे फरशीवर कसे विखुरले, प्रार्थना कशी केली, आणि त्या दिवसापासून राग कसा ओसरला, तेही सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी त्याला मिठी मारली.

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त ते सगळं त्याच्या बायकोच्या बाबतीत घडलं होतं.

ती तिसऱ्या बाकावर बसली होती. जागेवर परतताना त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तिच्या बाबतीत हे चांगलं लक्षण नसतं हे तो जाणून होता.

दोघं घरी आली. तिने पर्स खुंटीला अडकवली आणि भिंतीवरच्या त्या घड्याळाकडे बघत राहिली. एका कोपऱ्यात पोचा आलेलं ते घड्याळ घड्याळजीने पुन्हा चालू केलं होतं. फक्त टोले द्यायला ते जरा उशीर करायचं.

"ती माझी साक्ष होती," ती म्हणाली.

घड्याळजीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिचा पूर्वीचा राग ही त्या दोघांमधलीच गोष्ट होती. पुढच्या महिन्यात महिलांचा रविवार होता, आणि तेव्हा मंडळीसमोर सगळं सांगायचं असं तिने कधीचं ठरवलं होतं. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ती हळू आवाजात त्याची तालीम करायची, हेही त्याने ऐकलं होतं. आता तिने खरं सांगितलं तर नवरा खोटा पडणार, आणि न सांगावं तर इतकी वर्षं गोळा केलेला धीर फुकट जाणार.

"मी पाळकसाहेबांना जाऊन खरं सांगतो," तो म्हणाला.

"कधी?"

"उद्या."

"बरं," ती म्हणाली. हा शब्द मुळात त्याचा. कुणीही काहीही बोललं तरी तो 'बरं' म्हणायचा. त्या दुपारी घड्याळ खाली आलं तेही त्याच्या एका 'बरं'वरूनच.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळं उलटंच झालं. दुकानात गिऱ्हाइकं आली ती दबकत दबकत. एरवी उशीर झाला म्हणून तोंडसुख घेणारा शिंपी चक्क म्हणाला, "सावकाश होऊ द्या हो, मला काही घाई नाही," आणि काउंटरपासून हातभर लांबच उभा राहिला. दिवसभर कुणी वाद घातला नाही. घड्याळजीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखीच शरम वाटली.

तिकडे घरी महिला मंडळाच्या अध्यक्षबाई येऊन थडकल्या. येताना त्यांनी न फुटणाऱ्या ताटल्या आणल्या होत्या. त्यांनी घड्याळजीच्या बायकोचा हात हातात घेतला, फार सोसलंत हो म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा पोचा बोट लावून पाहिला. बायकोचे कान लाल झाले. ती पाणी आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही.

संध्याकाळी घड्याळजी खरं सांगायला दुकानाबाहेर पडतो न पडतो तोच समोरून पाळकसाहेब आले. सोबत एक धिप्पाड बसचालक होता. त्याचा आवाज बसच्या हॉर्नला भारी पडेल असा. प्रवाशांवर ओरडतो म्हणून त्याला कामावर शेवटची ताकीद मिळाली होती.

"याला तुम्हीच मार्ग दाखवू शकाल," पाळकसाहेब म्हणाले.

आपल्याला रागाची मुळीच ओळख नाही, हे त्या माणसाच्या तोंडावर सांगायला घड्याळजीची जीभ रेटेना. एवढा आडदांड गडी, पण डोळ्यांत पाणी होतं. घड्याळजीने त्याला दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि खालमानेने घरी येऊन बायकोलाच विचारलं की राग आला की नेमकं काय करायचं असतं.

तो माणूस नोकरीवर टिकावा एवढ्यासाठीच सांगतेय, असं बजावून तिने सांगितलं, "पाण्याचा घोट तोंडात धरायचा. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. मनात प्रार्थना म्हणायची. ती संपेपर्यंत तोंड उघडता येत नाही. बाकीचं देव बघतो."

घड्याळजीने ते बसचालकाला जसंच्या तसं शिकवलं. करून दाखवताना मात्र त्याच्याकडून घोट सारखा गिळला जायचा. एकदा तर असा ठसका लागला की बसचालकालाच त्याची पाठ चोळावी लागली. तरी उपाय लागू पडला. बसचालक स्टीअरिंगजवळ पाण्याची बाटली ठेवू लागला, आणि गाल फुगवून शांतपणे बस चालवणारा हा माणूस बघायला लोक मुद्दाम पुढच्या सीटवर बसू लागले. त्याची नोकरी वाचली. पाळकसाहेबांचा आनंद गगनात मावेना. आजूबाजूच्या सगळ्या मंडळ्यांचं संमेलन जवळ आलं होतं; त्यात घड्याळजीने साक्ष द्यायची, आणि येताना ते घड्याळही आणायचं, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. ते घरी बायकोला कळलं. स्वयंपाकघरातली तालीम बंद झाली. भांडी घासण्याचा तेवढा आवाज यायचा, आणि तो ऐकत बसणं घड्याळजीला असह्य झालं.

संमेलनाचा हॉल गच्च भरला होता. घड्याळ टेबलावर ठेवलं होतं, शेजारी वक्त्यासाठी पाण्याचा ग्लास. घड्याळजी उभा राहिला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मला राग कधी आलाच नाही. हे घड्याळ मी फेकलेलं नाही."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "मग कुणी फेकलं?"

या प्रश्नाचा घड्याळजीने विचारच केला नव्हता. आपला खोटेपणा कबूल करायचा तर बायकोचं नाव घ्यावं लागणार, आणि न विचारता घेतलं तर ती दुसरी चोरी. शरमेने त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं.

"नाव सांगणार नाही," तो कसाबसा म्हणाला. "घरातलंच माणूस आहे." आणि थांबला.

"आमेन," पहिल्या रांगेतून त्याची आई खणखणीत आवाजात म्हणाली.

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. म्हातारी प्रसन्नपणे हसली. शेजारी बसलेल्या अध्यक्षबाई नकळत थोड्या पलीकडे सरकल्या.

तेवढ्यात घड्याळजीची बायको उठली आणि तडक टेबलाशी येऊन उभी राहिली. "घड्याळ मी फेकलं होतं," ती म्हणाली.

आता सगळं मिटायला हवं होतं. पण हॉलमधून एक मोठा उसासा आला आणि बायकांनी रुमाल काढले. अध्यक्षबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "बघा," त्या म्हणाल्या, "नवऱ्याचा दोष अंगावर घेते. वर सासूचाही."

"अहो, मी खरं सांगतेय."

"हो हो ताई. आम्हाला कळतं."

बायकोचे कान लाल झाले. तिचे दोन्ही हात टेबलावरच्या घड्याळाकडे गेले. ते हात कुणी ओळखले नाहीत तरी घड्याळजीने ओळखले. तो ओंजळ पुढे करून झेलायच्या तयारीत उभा राहिला. क्षणभर तिने घड्याळ धरलं. मग सोडलं, शेजारचा ग्लास उचलला, मोठा घोट तोंडात घेतला आणि फुगलेल्या गालांनी, डोळे मिटून ती भर सभेत तशीच उभी राहिली.

मागच्या रांगेतून बसचालक उठला.

"हाच तो घोट," तो म्हणाला. त्याच्या आवाजाला माइक लागत नव्हता. "मला शिकवला तो हाच. पण ह्यांना तो जमत नव्हता. ह्यांना ठसका लागायचा. वहिनींचं बघा, थेंब हलला नाही."

अध्यक्षबाईंनी रुमाल खाली घेतला. बायकोची प्रार्थना संपली, तिने पाणी गिळलं, आणि मग तिने आपली साक्ष दिली. कुणी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. तिने त्या 'बरं'चंही सांगितलं, तेव्हा बायकांना हसू आवरेना.

"घड्याळ फुटल्यावर मी वाट बघत होते, की आता तरी हे ओरडतील," ती म्हणाली. "हे काहीच बोलले नाहीत. खाली बसून चक्रं वेचायला लागले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. एक बारीक स्क्रू सापडत नव्हता. मी कपाटाखाली हात घातला आणि म्हटलं, देवा, तेवढा एक स्क्रू सापडू दे. ती माझी पहिली खरी प्रार्थना."

"मग सापडला?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"नाही. म्हणून तर टोल्याला उशीर होतो. रोज तो उशिराचा टोला ऐकते आणि राग गिळते."

घड्याळजी मान खाली घालून ऐकत होता. स्क्रूची प्रार्थना त्याच्या साक्षीत नव्हती, कारण ती त्याला माहीतच नव्हती. बायकोची गोष्ट आपण चोरली, आणि चोरली तीही अर्धवट, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याला वर बघवेना.

संमेलन संपलं. लोकांनी बायकोभोवती गर्दी केली. घड्याळजीशी कुणी फारसं बोललं नाही. शिंप्याने तेवढं जाता जाता त्याला गाठलं आणि माझं घड्याळ अजून झालं कसं नाही म्हणून चारचौघांत झापलं. पाळकसाहेब शेवटी म्हणाले, "तुमच्या घराची पाळी तशी राहिलीच. पुढच्या रविवारी या."

घरी परतताना घड्याळ बायकोने हातात घेतलं होतं. घड्याळजी दोन पावलं मागून चालत होता.

"माझ्याजवळ काय आहे सांगण्यासारखं," तो पुटपुटला.

"आता आहे की," ती न वळता म्हणाली. "बायकोची साक्ष चोरून सगळ्यांसमोर सांगितली, ते सांगा. ते मात्र अगदी तुमचं स्वतःचं आहे. तिथे उभं राहून, सगळं, पहिल्यापासून."

घड्याळजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. 'बरं' अगदी ओठांपर्यंत आलं होतं. त्याने ते गिळलं. घड्याळ अजून तिच्याच हातात होतं.