पंखा बंद करणारे काका

मे महिन्यात, मलकापुरात, भर दुपारी कोणी तुमच्या घरात शिरून पहिलं काम काय करावं? चालू पंखा बंद! "कसे आहात" नाही की काही नाही. चपला दारात आणि हात थेट बटणावर. आमचे शेजारी शालिग्रामकाका हे इतक्या हक्कानं करायचे की घाम पुसत आपणच त्यांना पाणी आणून द्यायचं.

"काऊन बंद केला हो काका? जीव जाईल ना आमचा!"

"जीव नाई जात मास्तरीनबाई, आसवं जातात. पंख्यानं डोळा सुकते."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्यामुळे मला कोणी शिकवलेलं खपत नाही. म्हटलं, "आसवं म्हणजे खारट पाणी. त्याचं काय एवढं?"

झालं! काका खुर्चीत सरसावून बसले. "पाणी तं नळालेही येते! आसवात प्रथिनं असतात बाई. राखणदार! बुबुळावर पहारा देतात, जंतू मारतात, जखम भरतात. ते नसले तं निस्तं पाणी काय कामाचं?"

आमच्या नळाला पाणीही रोज येत नाही, ते सोडा.

पण काका हवेत बोलत नव्हते. औषधशास्त्राच्या एका कॉलेजात त्यांनी उभा जन्म प्राणीघर सांभाळलं. तिथं सशांचे डोळे औषधानं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मुद्दाम कोरडे करायचे, मग आसवांतल्या प्रथिनाचे थेंब टाकून ओल परत येते का ते पाहायचं. मोजायचं कसं? खुणा असलेली कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. कागद किती भिजला ते प्रयोग करणारे साहेब लिहून ठेवायचे. ससा धरायचं काम काकांचं.

निवृत्त झाले तरी काकांचं लक्ष समोरच्याच्या डोळ्यांतच. मोबाइलला चिकटलेल्या पोरांवर "मिचकाव बे!" म्हणून ओरडायचे, ते एक वेळ ठीक. पण गल्लीतल्या एका लग्नात स्टेजवर चढले, दिव्यांच्या झगमगाटात ताटकळलेल्या नवरीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, डोळे मिचकाव." माय व! नवरीच्या सासूचा चेहरा बघवत नव्हता. मी काकांचं कोपर धरून त्यांना थेट पंगतीत नेऊन बसवलं.

मग या उन्हाळ्यात एक दिवस काका आले, हात बटणांवर गेला आणि ट्यूबलाइट विझली. मग टीव्ही बंद झाला. मग बाहेरचा दिवा लागला. बोटं बटणांवरून चाचपडत होती आणि पंखा डोक्यावर गरगरतच होता. आमच्या घरातलं ते बटण काकांना आमच्यापेक्षा जास्त पाठ होतं. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे लालभडक आणि उजव्या बुबुळावर धुरकट डाग.

"काका, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसते ना. वाळू गेल्यावानी होते जरासं."

"डॉक्टरकडे चला."

"नाई."

"काऊन?"

"ते पट्टी लावतीन."

मला हसूच फुटलं. जन्मभर सशांना पट्ट्या लावताना पाहिलेला माणूस! पण त्यांनी खरंच दोन्ही तळवे डोळ्यांवर घट्ट धरले. काकू गेलेल्या, मुलगा लांब नोकरीला. हा माणूस एकटा घरात आंधळा झाला तर गॅस कसा पेटवेल? मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते. तीन दिवस भांडले. शेवटी म्हटलं, "येत नसाल तर आजपासून माझं दार बंद, आणि पंखा पाचवर!"

चौथ्या दिवशी काका पिशवी घेऊन बसस्टँडवर हजर.

बुलढाण्याच्या गाडीत त्यांनी आधी खिडकी लावून घेतली. राजूरचा घाट लागला तसे आपणहून बोलायला लागले.

"ससा वरडत नाई, पोरी. निस्ता थरथरते. पट्टी लावली का त्याचं काळीज हाताले लागे. मंग मी त्याचे कान दोन्ही हातानं झाकून धरू. म्हणू, पाच मिनिटं, राजा, पाच मिनिटं. साहेब हासत मले."

"मग पुढे त्या सशांचं काय व्हायचं?"

काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. तिकडेच बघत म्हणाले, "थेंब चांगले निघाले. लोकायचे डोळे वाचतीन. पण मले लय भेव लागून राह्यलं पोरी. त्यायले धराले मी तरी होतो."

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली तसे काकांनी खुर्चीचे हात आवळून धरले. पट्टी पापणीत अडकली आणि डॉक्टर म्हणाले, "आता पाच मिनिटं डोळे मिटून बसा."

मी दाराशी बाकावरच बसून राहायचं ठरलं होतं. पण उठले, खुर्चीमागे गेले आणि काकांचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले. डॉक्टर बघतच राहिले. काकांची थरथर माझ्या हातांना लागत होती.

"पाच मिनिटं, राजा," माझ्या तोंडून निघून गेलं. बापाच्या वयाच्या माणसाला राजा! पण थरथर हळूहळू थांबली.

डॉक्टरांनी पट्टी काढून उजेडात धरली. टोक तेवढं ओलं होतं. "फारच कोरडा झालाय," ते म्हणाले, "पण वेळेवर आलात. आजच थेंब सुरू करू. डोळा वाचेल काका."

काकांनी काहीच ऐकलं नाही. माझे हात अजून त्यांच्या कानांवरच होते.