भिंतींचा ताप पाहणारी

आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली त्या दिवशी रेणुकाने मला नमस्कारही केला नाही. ती आधी आमच्या पश्चिमेच्या भिंतीजवळ गेली आणि लेकराच्या कपाळाला लावतात तसा उलटा हात भिंतीला लावून डोळे मिटून उभी राहिली. मग म्हणाली, "काकू, हिले ताप आहे."

मी म्हटलं, "अवं बाई, मे महिना आहे, नागपूर आहे. ताप नाही तं काय सर्दी होईन तिले?"

पोरगी हसली नाही. शहर कमी कसं तापेल, झाडं कुठे हवीत, छपरं कशी हवीत, यावर ती कॉलेजात संशोधन करत होती. गाव काटोलकडचं. चौथीत असताना आई गेली, बापाने दुसरा संसार मांडला, तेव्हापासून ही वसतिगृहांत वाढली. हे तिने एकदाच सांगितलं, तेही आमच्या पाण्याच्या टाकीचा ताप पाहता पाहता. तिचा फोन वाजलेला मी कधी ऐकला नाही.

हात लावायची खोड मात्र भलतीच. फाटक, स्कूटरची सीट, विजेचा खांब, काही सोडायची नाही. हे कळमन्याच्या बाजारातून आंब्यांची पेटी घेऊन आले तर तिने सरळ यांच्या टकलावर उलटा हात ठेवला. "काकाजी, तुम्ही तं सिमेंट रोडच्याही पुढे गेले!" हे आठवडाभर घरात टोपी घालून फिरत होते. आमच्या गच्चीला तिने स्वतः चुना फासला. घर गार झालं हे खरं, पण वाळत घातलेल्या कुरडया मला चाचपून शोधाव्या लागायच्या.

आता इथवर सगळं गमतीचं. पण मेमधली इथली भर दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. बाराच्या सुमाराला गल्लीत चिटपाखरू नसतं. दारं लावलेली, पडदे ओढलेले, नुसती कूलरची घरघर. त्या सुनसान उन्हात ही पोरगी पांढरा दुपट्टा डोक्यातोंडाला गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून फिरायची. मधेच खाली बसायची, रस्त्यावर उलटा हात टेकवायची, काहीतरी पुटपुटायची. खिडकीच्या फटीतून पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. बरं, मला तर ठाऊक होतं की ही आमचीच भाडेकरीण आहे!

तिने गल्लीत ठिकठिकाणी तापमान मोजणारे पांढरे डबे लावले होते. एक डबा कोपऱ्यावर होता. तिथे आधी मोठा निंब होता आणि निंबाखाली शेंदूर फासलेली देवी, मातामाय. रस्ता रुंद झाला तेव्हा निंब तुटला, आणि मातामाय मलब्यात कुठे गेली ते कोणालाच कळलं नाही. झाड तोडलं की जागा किती तापते, हे रेणुकाला तिथूनच दाखवायचं होतं. तिचा अख्खा प्रबंध त्या कोपऱ्यावर उभा होता.

आणि तोच डबा फितूर झाला. सकाळभर तापायचा, पण बारा वाजले की एकदम गार. रोज. झाडाखाली लावलेल्या डब्यांपेक्षाही गार. तिने डबा बदलला, तरी तेच. तिचे सर म्हणाले, याचं कारण शोध, नाहीतर मी सही करत नाही, पुढच्या वर्षी ये.

गल्लीला कारण आधीच सापडलं होतं. निंब गेला, पण त्याची सावली अजून गेली नाही म्हणे. मी उडवून लावलं. पण एका दुपारी पडदा सारून पाहिलं तर बाकीचे कुत्रे गाड्यांखाली शिरलेले, आणि एक कुत्रा मात्र त्या उघड्या कोपऱ्यावर, रणरणत्या उन्हात, चारही पाय पसरून निवांत झोपलेला. मी पडदा ओढला तो संध्याकाळपर्यंत उघडला नाही.

रेणुकाचं जेवण सुटलं. एक दिवस म्हणाली, "काकू, बाराले मी दुसऱ्या डब्यांकडे राहतो. आज तिथंच थांबतो. तुम्ही येता?"

लू लागू नये म्हणून पदरात कांदा बांधला आणि गेले. बंद पानठेल्याच्या आडोशाला दोघी उभ्या राहिलो. बारा वाजले. पलीकडच्या बोळातून एक वाकलेली आकृती निघाली. डोक्यावरून ओलं लुगडं, पाय अनवाणी, आवाज म्हणून नाही. माझं रामराम सुरू झालं. आकृती डब्याशी थांबली, आणि तांब्यातलं पाणी त्यावर हळूहळू ओतू लागली. खालची जमीन ओली झाली आणि बघता बघता कडेने वाळूही लागली.

मागल्या घरातली कौसाबाई! तिने डब्याला उलटा हात लावला. "लय तापली वं माय. घे, गार हो."

माझा संताप संताप झाला. "कौसाबाई, काय करून राहिल्या तुम्ही? पोरीचं वर्ष बुडते न!"

म्हातारी जराही दचकली नाही. "निंबाच्या जागी मातामाय परत आली न बाई. पांढरी होऊन आली. आधी उन्हाळ्यात सारी गल्ली तिच्यावर पाणी घाले, लेकराईले गोवर येऊ नये म्हून. आता कोणी ढुंकून पाहत नाही. एकटी उन्हात उभी राहते बिचारी."

मी रेणुकाकडे पाहिलं. वाटलं, आता ही फाडकन बोलणार. तिने दुपट्टा सोडला. चेहरा लालबुंद झालेला.

"घाला आजी पाणी," ती म्हणाली. "मी डबा नाही काढत."

"अन् सरांले काय सांगशीन?" मी विचारलं.

"हेच, का या जागेची काळजी घेणारं कोणी आहे, म्हून ती गार राहते. सही नाही केली तं नाही."

एवढं बोलली आणि तिचा तोल गेला. मी दंड धरला. कौसाबाईने तांब्या खाली ठेवला आणि तोच ओला, उलटा हात तिच्या कपाळाला लावला.

"अवं पोरी! ताप तं तुले आहे."

म्हातारी हात काढू लागली, तर रेणुकाने दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून ठेवलं.

"राहू द्या न आजी," ती म्हणाली. "थोडा वेळ."