दोन माणसांचं रिवॉल्वर

आमच्या मोठ्या बाबांचं रिवॉल्वर एकट्या माणसाला जोडताच येत नसे. निदान ते तसं सांगत, आणि चौथी पास म्हणून साऱ्या दरेकसा गावात मिरवणारी मी शहाणी ते चार वर्षं खरं मानत होते.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उमर जंगल खात्यात गेली, आणि चार वर्षांपूर्वी मोठी आई, त्यांची बायको, वारल्यापासून कुंपणापलीकडच्या घरात एकटेच. रिवॉल्वर एका साहेबानं जाताना दिलेलं, रीतसर परवान्याचं. कुणी तमंचा म्हटलं की चिडायचे. "तमंचा डाकूपाशी राहते. हे रिवॉल्वर होय!"

नोकरी संपल्यापासून अकरा वर्षांत त्यातून एक गोळी सुटली नव्हती. तरी दर सोमवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून ते उघडायचे, पुसायचे, आणि मग हाक यायची, "ये व पोरी, दांडी बसवाले! याले दोन जीव लागतेत."

मी आधी कापूस शोधायला घरात पळायचे.

घोडा अर्धा चढवायचा, बाजूचं झाकण उघडायचं, नळीखालची दांडी ओढली की सहा भोकांचं चाक हातात येतं. जोडताना सगळं उलट. चाक मोठे बाबा जुळवून धरणार, दांडी मी ढकलणार, तीही पुढून. म्हणजे माझी बोटं नळीच्या तोंडाशी! गोळ्या डब्यात, डबा त्यांच्या मांडीखाली. चाकाची सहाही भोकं आरपार दिसायची. पण आरपार दिसणारी गोळीही असू शकते, असं माझं चौथी पास डोकं सांगायचं. कानात कापूस, डोळे मिटलेले, तोंडात हनुमानाचं नाव.

"काऊन थरथरून राहिली व? तुह्या मोठ्या आईनं तीस वर्षं ढकलली, डोळे उघडे ठेवून."

"तिचं लगन झालं होतं बाबा. माह्यं व्हाचं हाये."

एकदा तर गोळीची खोड जिरावी म्हणून मी ते चाक पाण्याच्या गुंडीत बुडवलं. ते ओरडले नाहीत. आईच्या वड्यांच्या सुपात चाक उन्हाला ठेवलं आणि दिवसभर कावळे हाकलत बसले. मलाही बसवलं. कावळे हाकलायलाही दोन जीव लागतात म्हणे.

मग तो सोमवार. चाक पोत्यावर, दांडी माझ्या हातात, आणि कुंपणावरून बिबट अंगणात उतरला. खुंट्याची शेळी ओरडलीसुद्धा नाही. बिबट तिच्याकडे बघतच नव्हता. आमच्याकडे बघत होता.

माझ्या हातातली दांडी पडली.

मोठ्या बाबांचा डावा हात मागं आला. माझं मनगट धरून त्यांनी मला पाठीआड ओढलं. "हालू नोको." नजर बिबटावरच. रिवॉल्वर गुडघ्यांत दाबलं, उजव्या हातानं चाक आत सरकवलं, दांडी चाचपून उचलली, ढकलली. कट्. मला एक श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नव्हता. डब्यातून एक गोळी, चाकाला एक हिसका, पूर्ण घोडा.

गोळी आभाळात गेली, बिबट कुंपणापार. शेळीला आता कंठ फुटला.

"बाबा," मी म्हणाले, "एका हातानं..."

मोठे बाबा पोतं झटकत होते. झटकलेलं पोतं पुन्हा झटकत होते. बिबटाला न भ्यालेला माणूस माझ्याकडं बघायला भीत होता.

पुढच्या सोमवारी हाक आली नाही. ऊन डोक्यावर आलं तरी नाही. मी कुंपणावरून डोकावले. रिवॉल्वर, चाक, दांडी, तिन्ही पोत्यावर वेगवेगळी, आणि बाजूला मोठे बाबा गुडघ्यांना मिठी घालून बसलेले.

मी कानात कापूस कोंबला आणि गेले.

"बाबा, चाक धरा लवकर. मले लय भेव लागून राहिलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी, अगदी घट्ट, चाक धरलं. "भेते कायले? मी हावो ना."

मी डोळे मिटले आणि दांडी ढकलली. जरा वाकडीच ढकलली, म्हणजे पुन्हा काढून पुन्हा बसवावी लागेल.