झोपेतला होकार

आपल्या तक्रारनिवारकांनी गांजा सोडला त्याचं श्रेय त्यांच्या मनोनिग्रहाला देण्यात काही अर्थ नाही. श्रेय बायकोचं. ती एका लॅबमध्ये लोकांची रक्तं काढते. कपाटात मोज्यांच्या मागे तिला पुडी सापडली तेव्हा तिने आधी रबरी हातमोजे चढवले, मग पुडी दोन बोटांत धरून नवऱ्याच्या नाकासमोर आणली.

"या घरात एकतर ही राहील नाहीतर मी. विचार कर आणि सांग."

"करून घेऊ," तक्रारनिवारक म्हणाले.

(यात उर्मटपणा मुळीच नव्हता. वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रारीच्या खिडकीवर बसून बसून त्यांच्या जिभेला तीनच उत्तरांचं वळण पडलं होतं. गिऱ्हाईक बोलत असेल तोवर "हं". ते दम खायला थांबलं की "बरोबर आहे तुमचं". आणि आवाज चढला की "करून घेऊ". एवढ्या भांडवलावर त्यांनी आख्खी नोकरी ओढली. समोरचा काय म्हणतोय ते ऐकायचं नाही हे या खिडकीचं मर्म आहे. जे ऐकत बसले ते रक्तदाब घेऊन घरी गेले.)

पण गांजा त्यांनी खरंच सोडला. पुडी संडासात ओतली, साखळी ओढली, आणि पाण्याबरोबर त्यांची झोपही गेली.

इतकी वर्षं जेवण झालं की ते गॅलरीत 'हवा खायला' जायचे आणि परत येऊन ओंडक्यासारखे पडायचे. आता डोळ्याला डोळा लागेना. चुकून लागलाच तर स्वप्नं अशी पडायची की जागं राहिलेलं परवडलं. खिडकीसमोर रांग लागली आहे, प्रत्येकाने डोक्यावर वॉशिंग मशीन घेतलंय आणि सगळी मशीनं चालू आहेत. सकाळी ऑफिसात त्यांचं डोकं टेबलावर आपटायचं आणि पलीकडचा माणूस म्हणायचा, "बघा, माझी कहाणी ऐकून साहेबांनासुद्धा गहिवरून आलं."

शेवटी व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे गेले.

"एखादी गोळी द्या."

"गोळी नाही. उद्या गोळी सोडवायला माझ्याकडेच याल."

"मग झोपू कसा?"

"येईल झोप. मेंदू रुसलाय, त्याला वेळ द्या. रोज ठरल्या वेळी उठा. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. मोबाइल खोलीबाहेर. झोपायच्या आधी कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, काहीतरी कंटाळवाणं वाचा. आणि झोप येत नसेल तर गादीवर तळमळत पडू नका, उठून बसा."

"याने सवय नाही ना लागणार?"

"यातल्या कशाची तुम्हाला सवय लागली तर मी पेढे..." डॉक्टर थांबले. "म्हणजे मला आनंद होईल."

तक्रारनिवारकांनी सगळं मनापासून केलं. पहिल्याच दिवशी कोमट पाण्याच्या टबात पाय घालून पलंगावर बसले, बसल्या बसल्या क्षणभर डुलकी लागली, पाय झटकला गेला आणि आख्खा टब गादीवर. (डुलकी लागली याचा आनंद मानायला कोरडी जागा शिल्लक नव्हती.) कंटाळवाणं वाचायचं म्हणून आपल्याच कंपनीच्या मशीनचं माहितीपुस्तक उघडलं, तर त्यात पाणी सोडायची नळी चुकीच्या बाजूला जोडायला सांगितली होती. मग आपण इतकी वर्षं कुणाकुणाला "करून घेऊ" म्हणालो ते एकेक आठवायला लागलं. श्वासावर लक्ष ठेवायला गेले तर श्वास अडखळायला लागला. गादीवर तळमळू नका म्हटलं म्हणून उठून बसत, आणि बसून तळमळत.

त्यांचा चेहरा उतरत चालला तशी बायकोला दया आली. दिवा मालवून ती म्हणाली, "झोप येत नाही ना? मग निदान ऐक तरी. मला बोलायला दुसरं आहे कोण?"

आणि ती बोलू लागली. लॅबमधल्या एका म्हाताऱ्याची नसच कशी सापडेना, तिचे साहेब सगळ्यांसमोर तिला कसे टाकून बोलले, तिच्या आईचा गुडघा. संथ, एका पट्टीतला, थोडा दमलेला आवाज. तक्रारनिवारक "हं" म्हणाले. पुन्हा "हं" म्हणाले. आणि मग जे काही झालं ते त्यांना एकदम सकाळी कळलं, कारण सकाळ झाली होती.

सुंठीवाचून खोकला गेला! आनंदाने ते ओरडणारच होते, एवढ्यात बायको चहा घेऊन आली. गुणगुणत आली. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ती गुणगुणल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"काल किती छान ऐकलंस रे," ती म्हणाली. "मध्ये एकदाही तोडलं नाहीस. मी दम घ्यायला थांबले तर 'बरोबर आहे तुमचं' म्हणालास. चक्क 'तुमचं'! माझ्याशी कुणी कधी इतक्या मानाने बोललं नव्हतं."

तक्रारनिवारकांच्या लक्षात सगळं आलं. जिभेने त्यांच्या गैरहजेरीत ड्यूटी केली होती. आता खरं सांगावं की नाही? त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, चहाचा घोट घेतला आणि मूग गिळून बसायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, तोंड उघडलं नाही एवढंच. पण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

आठवड्याभरात रंगारी आला आणि झोपायच्या खोलीला पिस्ता रंग फासू लागला.

"हे काय?"

"तूच नाही का म्हणालास, करून घेऊ?"

मग त्यांची स्कूटर मेव्हण्याच्या दारात उभी राहायला लागली. मग सासूबाई आल्या, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बरं वाटेपर्यंत राहायला. जावयाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "ही सांगत होती, एका शब्दाने नाही म्हणाला नाहीत." तक्रारनिवारक बसने ऑफिसला जात, पिस्ता खोलीत झोपत आणि सासूबाईंची औषधं आणत. पण झोप! झोप सोन्यासारखी लागत होती. डॉक्टर खूश झाले.

"काय उपाय केलात?"

"बायको बोलते."

"वा! आणि तुम्ही?"

"मी झो... मी ऐकतो."

"उत्तम. आता याची सवय लागली तरी चालेल."

ती लागलीच होती.

असंच चाललं असतं. पण एका सकाळी बायको चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे रडून सुजले होते आणि चेहरा मात्र हलका झाला होता. ती त्यांच्याजवळ बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"सांगून टाकलं ते बरं झालं. लग्नाआधीपासून छातीवर दगड होता. दुसरा कुणी असता तर तांडव केलं असतं. तू नुसता 'हं' म्हणालास. नंतर म्हणालास, 'बरोबर आहे तुमचं'. मी किती वेळ रडत होते."

तक्रारनिवारकांनी कप खाली ठेवला.

"ते... म्हणजे नक्की कधीपासून गं?"

"सांगितलं ना."

"हो हो. सांगितलंस. आणि आणखी कुणाला..."

"आता पुन्हा नको रे. एकदा बोलले तेवढं पुरे."

त्या दिवशी खिडकीवर त्यांचं तिन्ही उत्तरांत लक्ष नव्हतं. काय असेल? कुणावर प्रेम होतं? मूल? आजार? चोरी? बाई इतकी वर्षं एवढं ओझं घेऊन शेजारी झोपली, शेवटी धीर करून ते खाली ठेवलं, आणि ज्याच्यापुढे ठेवलं तो घोरत नव्हता हेच नशीब. त्यांना स्वतःची किळस आली. ती यायला तसा उशीरच झाला होता.

त्यांनी ठरवलं, आज जागं राहायचं. आज खरं ऐकायचं. ऑफिस सुटल्यावर समोरच्या हॉटेलात त्यांनी लागोपाठ कडक कॉफ्या मारल्या आणि हात दाखवून अवलक्षण घ्यायला घरी आले.

दिवा मालवला. बायको बोलू लागली. साहेबांनी तिला पुन्हा रविवारची पाळी लावली होती.

"मग तू सरळ नाही का म्हणत नाहीस?" तक्रारनिवारक म्हणाले.

बायको थबकली. "अरे, कसं म्हणणार? ती दुसरी आजारी..."

"ती नेहमीच आजारी असते! खरं म्हणजे चूक तुझी आहे. आणि तो साहेब म्हणजे तोच ना, गेल्या वेळी टाकून बोलला तो? नक्की काय म्हणाला होता? शब्द काय होते?"

खट्. दिवा लागला. बायकोने त्यांची हनुवटी धरली, खालची पापणी ओढून डोळा पाहिला, नाडी पाहिली, तोंडाचा वास घेतला.

"डोळे तारवटलेत. नाडी धावतेय. तोंडाला कॉफीचा वास येतोय, म्हणजे दुसरा लपवायला. आणि ही बडबड! पुन्हा ओढलास ना?"

"नाही गं! शपथ!"

"मग इतके दिवस गाईसारखा शांत ऐकत होतास, आजच काय झालं?"

तक्रारनिवारकांनी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली.

"ठीक आहे," ती थंडपणे म्हणाली. "सकाळी माझ्याबरोबर लॅबमध्ये चल. लघवी तपासते. त्यात काही निघालं नाही तर मी तुझी माफी मागेन. आणि मग आज काय झालं, ते तू मला सांगायचं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! तपासणीत काही निघणार नाही याची त्यांना शंभर टक्के खात्री होती, आणि घाम फुटला तो त्याचाच. ते निर्दोष ठरले की उत्तर एकच उरत होतं: आज मी जागा आहे. मग तिला कळणार की तिने आयुष्यात एकदाच मन मोकळं केलं, ते उशीसमोर. गांजा तिने एकदा माफ केला होता. हे तिने केलं नसतं, आणि करूही नये, असं त्यांना मनापासून वाटलं.

"ओढला," ते म्हणाले.

"कधी?"

"आज. एकदाच. ऑफिसातून येताना."

इतक्या महिन्यांची कमाई एका शब्दात गेली. बायको रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "खरं बोललास म्हणून थांबते. उद्या डॉक्टरांकडे. सगळं पहिल्यापासून. आणि ते म्हणालेत, झोपताना डोक्याला ताप नको. माझं बोलणं आजपासून बंद. मी आईच्या खोलीत झोपते."

तिने उशी उचलली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"एक खरं सांगशील? मी तुला ते सांगितलं, त्या रात्री तर शुद्धीवर होतास ना?"

"पूर्ण शुद्धीवर."

"मग बास," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसूसुद्धा आलं. "पण ते कुणाला सांगू नकोस हं. आईलाही नाही."

"मेलो तरी सांगणार नाही," तक्रारनिवारक म्हणाले.

लग्नापासून त्यांनी बायकोला दिलेल्या वचनांत मोडता येणार नाही असं हे पहिलंच होतं.