अण्णांची वरची लाँच

दामूअण्णांना ‘चहा घेणार का?’ विचारलं, तर ते आधी मनात दोन मोजतात आणि मग ‘व्हय’ म्हणतात. तोवर नवखा माणूस किटली घेऊन पुढे गेलेला असतो.

अण्णा माझे शेजारी. उभा जन्म आगरदांड्याच्या खाडीत प्रवाशांची लाँच हाकत, सारंग म्हणून काढला. इंजिनाच्या वरताण ओरडायचं आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, ही जुनी खोड. वहिनी तर अर्ध्या वाक्यांवरच संसार करत आल्या.

आमचं गाव डोंगराआड. मोबाइलला रेंज नाही, केबल आणायला वाट नाही. शेवटी टॉवर आला आणि त्याच्या पायथ्याशी आभाळाकडे तोंड केलेली मोठी तबकडी. गावाचं बोलणं तबकडीतून उपग्रहाकडे जाणार, तिथून शहरात उतरणार. कंपनीच्या माणसाने तासभर समजावलं, पण गावाला कळलं ते अण्णांमुळे.

“ती वरची लाँच हाय. हितनं शब्द चढवायचा, पल्याड उतरवायचा. छत्तीस हजार किलोमीटर वर, तेवढंच खाली. उशीर व्हनारच.”

मग त्यांनी नियमच केला. समोरचा गप्प झाला तरी दोन मोजायचे, वाटेत अजून शब्द असतील. कोणी फोनवर घाई केली की अण्णा मागून म्हणायचे, “लाँच येऊ द्या.” आमच्या घरात भांडण रंगात आलं की कुंपणापलीकडूनही तेच ऐकू यायचं.

यंदा केबल आली, तबकडी उतरवली, उशीर संपला. अण्णांचं मोजणं मात्र चालूच. परवा मी वैतागून म्हणालो, “अण्णा, ती लाँच बंद झाली आता.”

अण्णांनी दोन मोजले. मग सुमनचं सांगितलं. लेकीने आपल्या मनाने लग्न केलं, म्हणून त्यांनी दोन वर्षं अबोला धरला होता. टॉवर आला तेव्हा वहिनींनी फोन लावून त्यांच्या हातात दिला.

“मी इचारलं, बरी हाईस ना? बरी हाय म्हनली. मी नेमानं दोन मोजले, तर ती पुढं बोलाया लागली. सगळं बोलली, रडली. म्हनली, बाबा, आज पहिल्यांदा माझं ऐकून घेतलंत.”

अण्णा अंगणात वाळत घातलेल्या सुकटीवरचा कावळा हाकलून आले.

“मी लाँचची वाट बघत व्हतो, मास्तर. तिला वाटलं, बाप ऐकतोय. आता थांबलो न्हाय, तर तिला कळंल ना.”

मी काहीतरी बोलणार होतो, पण आधी मनात दोन मोजले.